सामंतांची नाणी, उत्तर कोकणातील

सार्वभौम राजाचे आधिपत्य मान्य करून एखाद्या प्रदेशाचा कारभार पाहणाऱ्या मांडलिकांनी मध्ययुगात आपल्या अधिकाराखाली पाडलेली किंवा आपल्या प्रदेशात चालू ठेवलेली नाणी. अशा मांडलिकांना संस्कृत लेखांत सामंत, महासामंत, मंडलेश्वर, महामंडलेश्वर इ. संज्ञा आढळतात. उत्तर कोकणात म्हणजे स्थूलमानाने विद्यमान पालघर, ठाणे, मुंबई व रायगड हे जिल्हे आणि त्यांना लागून असलेली दक्षिण गुजरातची किनारपट्टी या भागात, इसवी सनाच्या सहाव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत अनेक सामंत घराणी नांदली. त्यांचे ताम्रपट व शिलालेख विपुल आहेत. त्यांत दात्याची वंशावळ, बिरुदे, अधिकाऱ्यांची नावे व दानाचा तपशील काटेकोरपणे दिलेला असतो. याउलट त्याच काळातील नाण्यांवर बहुधा एकही अक्षर नसते. ताम्रपटावर एवढा बोलका असणारा सामंत नाण्यावर मुका का, हा या विषयातील मुख्य प्रश्न होय. त्याचे उत्तर राजसत्तेपेक्षा बाजारपेठेच्या व्यवहारात अधिक सापडते.

स्थळ व साधने : मुंबईच्या उत्तरेस सु. १०० किमी. वर असलेले तारापूर हे आज तेथील अणुवीजकेंद्रामुळे (१९६९) परिचित असले, तरी मध्ययुगात ते किनाऱ्यावरील बंदरांच्या मालिकेतील एक ठिकाण होते. तारापूरची खाडी ओलांडली की उत्तरेस चिंचणी हे गाव लागते. या गावी १९५५ मध्ये पाच ताम्रपट उजेडात आले व दिनेशचंद्र सरकार यांनी ते संपादून प्रसिद्ध केले. उत्तर कोकणातील दुय्यम दर्जाच्या सामंतांची माहिती देणारे हे सर्वांत महत्त्वाचे साधन होय. त्यांतील दोन राष्ट्रकूटकालीन असून उरलेले तीन अकराव्या शतकातील आहेत. हे सर्व लेख संयान या नगराच्या परिसराशी निगडित आहेत. संयान म्हणजे तारापूरच्या उत्तरेस, आता गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात मोडणारे संजान.

राष्ट्रकूट तिसरा इंद्र याच्या शके ८४८ (इ. स. ९२६) च्या ताम्रपटावरून असे कळते की, संयान मंडलावर मधुमती ऊर्फ सुगतिप नावाचा ताजिक म्हणजे अरब अधिकारी नेमलेला होता. दुसरा कृष्ण याने त्याला ते मंडल दिले होते. ‘मधुमती’ हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप होय. त्याने आसपासच्या बंदरांचे अधिपती जिंकून तेथे आपली माणसे नेमली, नद्यांवर विनामूल्य तरी सुरू केल्या आणि संयान येथे अन्नछत्र घातले. त्याच लेखात एका मठासाठी त्याच्या संमतीने दिलेल्या भूमिदानाची नोंद आहे. शके ९५६ (इ. स. १०३४) च्या लेखात संयानवर मोढ घराण्यातील चामुंडराज हा सामंत आढळतो. त्याचा अधिपती ठाण्याचा शिलाहार राजा छित्तराज (कार. सु. १०२२–३५) होता. चामुंडराजाने मठाला दिव्यासाठी व पाहुण्या ब्राह्मणांच्या पायांस लावण्यासाठी लागणाऱ्या तेलाची सोय म्हणून तेलाचा घाणा दान दिला. अशा प्रकारे सम्राट, त्याचा महामंडलेश्वर आणि त्या महामंडलेश्वराचा सामंत अशी तीन पायऱ्यांची उतरंड येथे स्पष्ट दिसते. मात्र मधुमती किंवा मोढ यांच्या नावाचे निश्चित म्हणता येईल असे नाणे उपलब्ध झालेले नाही.

म्हणून संयानच्या परिसरात पैशांचा व्यवहार नव्हता, असे मात्र म्हणता येत नाही. तिसऱ्या कृष्णाच्या काळातील चिंचणी ताम्रपटात एका तंट्याचा निवाडा आला आहे. भिल्लमाल (राजस्थानातील भीनमाळ) येथून आलेल्या व्यापाऱ्यांनी स्थापिलेल्या देवालयाची काही जमीन मठाच्या वापरात होती. तिच्याबद्दल मठाने देवालयाला दरसाल ४० द्रम्म द्यावेत, असे ठरले. जमिनीचा मोबदला धान्यात वा सेवेत न ठरता नगद नाण्यांत ठरला, ही गोष्ट लक्षणीय आहे. द्रम्म हा शब्द ग्रीक ‘द्राख्म’ वरून आलेला असून मध्ययुगीन पश्चिम भारतात तो चांदीच्या नाण्यास लावीत. मराठीतील ‘दाम’ हा शब्दही याच कुळातील होय. तेव्हा हे ४० द्रम्म कोणत्या रूपाचे होते व ते कोण पाडीत असे, हे पाहणे आवश्यक ठरते.

पूर्वपरंपरा : या किनाऱ्यावर नाण्याचा जुना साचा न बदलता पुढे चालविण्याची प्रथा फार प्राचीन आहे. पश्चिमी क्षत्रपांच्या चांदीच्या लहान नाण्यांचे अनुकरण पाचव्या शतकात त्रैकूटक घराण्यातील दह्रसेन व व्याघ्रसेन यांनी केले. सहाव्या शतकात कलचुरी राजा कृष्णराज (कार. सु. ५५०–७५) याने त्याच परंपरेतील रूपक पाडले, त्याच्या एका बाजूस राजाचे मुख व दुसऱ्या बाजूस नंदी असून भोवती कृष्णराजाचे नाव आहे. ही नाणी मुंबई व साष्टीपासून विदर्भापर्यंत सापडतात. सातव्या शतकाच्या प्रारंभी बादामीच्या चालुक्यांनी कलचुरींची सत्ता नष्ट केली. तरी त्यांचे नाणे बाजारातून गेले नाही. नासिक जिल्ह्यातील अंजनेरी येथे मिळालेल्या हरिश्चंद्र वंशातील भोगशक्तीच्या ताम्रपटात (कलचुरी संवत ४६१ = इ. स. ७१०-११) रकमा ‘कृष्णराज-रूपकां’त सांगितल्या आहेत. भोगशक्ती हा चालुक्यांचा सामंत असून पुरी-कोकणावर त्याचा अंमल होता. अधिपती चालुक्य, कारभारी भोगशक्ती आणि हिशोब मात्र सु. दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या, उच्छेद झालेल्या वंशातील राजाच्या नाण्यात, अशी ही स्थिती होती. नाण्यावरील नाव हे तेथे सत्ताधीशाची खूण न राहता ठरावीक वजनाच्या व कसाच्या चांदीची खूण बनले होते. पुढील पाचशे वर्षांच्या चलनाचे सूत्र यातच आहे.

गधैया नाणी : आठव्या ते तेराव्या शतकांच्या दरम्यान गुजरात, राजस्थान, माळवा व कोकण या प्रदेशांत प्रचलित असलेल्या चांदीच्या नाण्यांस गधैया नाणी म्हणतात. गर्दभाचे म्हणजे गाढवाचे रूप घेतलेल्या गंधर्वसेन राजाशी या नावाचा संबंध लोककथांनी जोडला आहे. तो ऐतिहासिक मानता येत नाही. या नाण्यांचे मूळ इराणच्या ससानियन साम्राज्यात आहे. ससानियन सम्राट पेरोझ (कार. ४५९–८४) याचा हूणांनी पराभव केला. युद्धांतील खंडणीच्या रूपाने त्याची चांदीची नाणी मोठ्या प्रमाणावर हूणांच्या हाती आली व त्यांच्याबरोबर वायव्य भारतात शिरली. त्यांच्या एका बाजूस मुकुटधारी राजाचे मुख आणि दुसऱ्या बाजूस अग्निवेदी व तिच्या दोन्ही अंगांस उभे असलेले रक्षक असत. ही नाणी लोकांच्या अंगवळणी पडल्यामुळे भारतातील टांकसाळींतून त्यांची अनुकरणे निघू लागली.

प्रत्येक पिढीतील कारागीर आपल्या आधीच्या नाण्यावरून साचा खोदीत असे. मूळ चित्राचा अर्थ त्याला ठाऊक नसे. त्यामुळे चित्र हळूहळू विरत गेले. मुकुटाचे ठिपके झाले, नाक व ओठ आखूड रेषांत उतरले, डोळा एका टिंबापुरता उरला. अग्निवेदीचा स्तंभ म्हणजे काही आडव्या रेघा, ज्वाला म्हणजे ठिपक्यांची रास आणि रक्षक म्हणजे बाजूच्या दोन उभ्या रेषा, एवढेच शेवटी शिल्लक राहिले. उत्तरकालीन गधैया नाणे प्रथमच हाती घेणाऱ्यास त्यावर मनुष्याचे मुख आहे, हे सांगूनही पटत नाही. परंतु मधल्या अवस्थांतील नाणी ओळीने मांडली म्हणजे ही वंशपरंपरा निर्विवादपणे सिद्ध होते. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात जेम्स प्रिन्सेप याने हा संबंध दाखवून दिला. नाण्याचा आकारही पालटला. प्रारंभीची नाणी रुंद व पातळ असून उत्तरकालीन नाणी लहान व जाड आहेत. त्यांचे वजन मात्र सामान्यतः ४ ग्रॅमच्या आसपास टिकून राहिले. रूप विरले, पण तोल टिकला, हे या नाण्यांचे वैशिष्ट्य होय. कारण व्यापाऱ्याचा संबंध चित्राशी नसून तोलाशी होता.

अरब प्रवाशांच्या वृत्तांतांतून याला पुष्टी मिळते. सुलेमानच्या नावे प्रसिद्ध असलेल्या इ. स. ८५१ च्या वृत्तांतात बल्हराच्या म्हणजे राष्ट्रकूट राजाच्या राज्यात ‘तातरिया’ दिरहम चालतात व त्यांतील प्रत्येकाचे वजन दीड दिरहम भरते, असे म्हटले आहे. इस्लामी दिरहम सु. ३ ग्रॅम वजनाचा धरल्यास हे वजन सु. साडेचार ग्रॅम येते व ते भारतीय-ससानियन नाण्यांच्या वजनाशी बऱ्याच अंशी जुळते. राष्ट्रकूटांसारख्या बलाढ्य घराण्याच्या नावाचेही निर्विवाद असे नियमित चलन आढळत नाही. सम्राटालाच ज्याची गरज भासली नाही, ते त्याच्या सामंताने करावे, अशी अपेक्षा त्या काळी नव्हती.

टांकसाळ व कस : अनामिक नाण्यावर लोकांनी विश्वास का ठेवावा, याचे उत्तर टांकसाळींच्या व्यवस्थेत मिळते. भारतात टांकसाळ ही केवळ राजाचे धन नाण्यांत रूपांतरित करण्याची जागा नव्हती. खाजगी व्यक्तीही आपली चांदी तेथे नेऊन तिची नाणी पाडून घेत. कौटिलीय अर्थशास्त्रात अशा व्यवहारावर राजाने शेकडा ८ रूपिक, शेकडा ५ व्याजी व शेकडा एक-अष्टमांश परीक्षाशुल्क घ्यावे, असे सांगितले आहे. मध्ययुगात हे दर तसेच राहिले असतील असे नाही. तथापि नाणे पाडण्यापासून मिळणारे उत्पन्न नाण्यावर नाव घालण्यावर अवलंबून नव्हते, हे त्यावरून स्पष्ट होते. सामंताला आपला भाग मिळाला आणि बंदरात आलेला व्यापारी संतुष्ट राहिला, म्हणजे त्याचे काम भागत असे. उलट नव्या रूपाचे नाणे काढल्यास ते शेजारच्या मंडलात कमी भावाने घेतले जाण्याचा आणि त्याचा बट्टा आपल्याच बंदराला सोसावा लागण्याचा संभव असे.

गुजरातेतील लेखपद्धति या दस्तऐवजांच्या नमुनासंग्रहात द्रम्माचे जे वर्णन केले आहे, ते या दृष्टीने उद्‌बोधक आहे. श्रीमाळच्या टांकसाळीत पाडलेला, तीन वेळा पारखलेला व बाजारपेठेच्या व्यवहारात चालणारा, अशी त्याची ग्वाही दिली जाते. त्यात टांकसाळ, पारख व बाजार यांचा निर्देश आहे, राजाच्या नावाचा नाही. श्रीमाळ हे भिल्लमालचेच दुसरे नाव होय. याच नगरातील व्यापाऱ्यांचे देवालय संयान येथे होते आणि त्यालाच ४० द्रम्म मिळावयाचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे चलनाचा प्रसार कोणामार्फत होत होता, हे कळून येते. लेखपद्धतीतील द्रम्माला ‘पारौपथ’ असे विशेषण आहे. उत्तर कोकणच्या शिलालेखांतील ‘पारुत्थ द्रम्म’ तेच असावेत. उरणजवळील चांजे येथील शिलाहार राजा सोमेश्वर याच्या शके ११८२ (इ. स. १२६०) च्या शिलालेखात ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवाला एका बागेच्या उत्पन्नातून १६२ पारुत्थ द्रम्म दिल्याचा उल्लेख आहे. त्यापूर्वी सु. चारशे वर्षे, नवव्या शतकाच्या मध्यास, गौड देशातून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या बौद्ध उपासकाने कान्हेरीच्या भिक्षुसंघासाठी १०० द्रम्म ठेव म्हणून दिले होते. चार शतके एकच हिशोबी नाणे टिकून राहणे, ही लहान गोष्ट नव्हे.

कोकणात चांदीच्या खाणी नाहीत. येथे चांदी आली ती मुख्यत्वे समुद्रमार्गाने, इराणच्या आखातातील सिराफ व बसरा या बंदरांशी चालणाऱ्या व्यापारातून. अल् मसूदी याने हिजरी ३०४ (इ. स. ९१६) मध्ये चौल येथे सु. दहा हजार मुसलमानांची वस्ती पाहिली. तेथील राजाचे त्याने दिलेले नाव शिलाहार राजा झंझ याचे होय. संयान येथे अरब अधिकारी नेमण्यामागेही हाच व्यापार असावा. बंदर ताब्यात ठेवणे म्हणजे चांदीचा ओघ ताब्यात ठेवणे होते आणि मांडलिकाचे खरे सामर्थ्य नाण्यावरील अक्षरांत नसून या ओघावर होते.

छित्तराजाची नाणी : या अनामिकतेला उत्तर कोकणातील महत्त्वाचा अपवाद म्हणजे छित्तराजाची नाणी. त्याच्या चांदीच्या नाण्यांची घडण गधैया वळणाचीच आहे. तथापि त्यांवर नागरी लिपीत त्याचे नाव आढळते. शिलाहार हे प्रथम राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. इ. स. ९७३ मध्ये राष्ट्रकूट सत्ता कोसळली. अपराजित या शिलाहार राजाने शके ९१९ (इ. स. ९९७) च्या भादाणे ताम्रपटात आपल्या जुन्या स्वामिवंशाच्या अस्ताबद्दल खेद प्रकट केला आहे. पुढील काळात शिलाहार व्यवहारतः बरेचसे स्वतंत्र झाले, तरी महामंडलेश्वर हे सामंतदर्शक पद त्यांनी सोडले नाही. छित्तराजाने नाण्यावर आपले नाव घातले ते याच संक्रमणकाळात. मात्र त्यानेही रूप बदलले नाही. बाजाराला परिचित असलेल्या मुखाच्या व अग्निवेदीच्या साच्यातच त्याने आपले नाव बसविले. अजमेरच्या चाहमान अजयराजाची राणी सोमलदेवी हिच्या नावाची गधैया वळणाची नाणीही याच प्रकारात मोडतात. नाव घालण्याची मुभा होती, पण रूप बदलण्याची नव्हती, असे यावरून अनुमान निघते. छित्तराजानंतर शिलाहारांनी आपल्या प्रत्येक राजाच्या नावाचे नाणे काढण्याची परंपरा निर्माण केली नाही. शके ११०० नंतर दुसऱ्या अपरादित्याने महाराजाधिराज व कोंकणचक्रवर्ती ही सार्वभौम पदे धारण केली. तरीही लेखांतील हिशोब द्रम्मांतच चालू राहिला.

गोव्याच्या कदंबांची नाणी : कोकणाच्या दक्षिण भागातील परिस्थिती याहून वेगळी होती. गोव्याचे कदंब हे कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक. पण त्यांनी सोन्याची उत्कृष्ट नाणी पाडली. त्यांच्यावर कदंबांचे लांछन असलेला सिंह असून दुसऱ्या बाजूस सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा निर्देश, ‘मलवरमारि’ हे बिरुद व राजाचे नाव नागरी अक्षरांत दिलेले असते. जयकेशी आणि शिवचित्त परमाडिदेव यांची अशी नाणी प्रसिद्ध आहेत. यादवांच्या पद्मटंकांवरही कमळाभोवती राजाच्या नावाचे ठसे आढळतात. दक्षिणेत सोन्याच्या नाण्यावर लांछन व नाव ठसविण्याची प्रथा रूढ होती व बाजार त्याच खुणांवर विश्वास ठेवी. तेव्हा सामंताने नाव घालावे की घालू नये, हे त्याच्या राजकीय दर्जावरून ठरत नव्हते. तो ज्या चलनक्षेत्रात राहत होता, तेथील रूढीवरून ठरत होते. दर्जाने सारखेच असलेले दोन महामंडलेश्वर, एक ठाण्याचा व एक गोव्याचा, नाण्यांच्या बाबतीत अगदी भिन्न रीतीने वागतात, याचे कारण हे होय.

यूरोपातील समांतर प्रकार : सरंजामी नाण्यांचे शास्त्रशुद्ध विवेचन प्रथम फ्रान्समधील नाण्यांच्या आधारे झाले. कॅरोलिंजियन सम्राटांनी टांकसाळी आपल्या हाती ठेवण्याचा प्रयत्न केला, इ. स. ८६४ च्या राजाज्ञेने त्यांची संख्या मर्यादित करण्यात आली. परंतु दहाव्या शतकात सरदार व बिशप यांनी टांकसाळी बळकावल्या. तेथेही पहिली प्रवृत्ती नवे नाणे काढण्याची नव्हती. प्वातू प्रांतातील मेल येथील चांदीच्या नाण्यांवर ‘कारोलस’ राजाचे नाव बाराव्या शतकापर्यंत कोरले जात होते. त्या नावाचा राजा तोपर्यंत केव्हाच कालवश झालेला होता. असे गोठलेले रूप आणि उत्तर कोकणातील गधैयाचे रूप यांमागील कारण एकच आहे. फरक एवढाच की, यूरोपात मृत राजाचे नाव तरी उरले, तर कोकणात परदेशी राजाचे केवळ विरलेले मुख उरले. जर्मनीत याउलट माग्देबुर्कच्या आर्चबिशपने बाराव्या शतकात वर्षातून दोनदा नाणी बदलून जुन्या चारांच्या मोबदल्यात नवी तीन देण्याची पद्धत चालू केली. ही पद्धत प्रजेला जाचक होती. ती चालली, याचे कारण सत्ताधीशाची पकड बाजारापेक्षा बळकट होती. फ्रान्समध्ये नववा लूई याने तेराव्या शतकाच्या सातव्या दशकात सरदारांची नाणी त्यांच्या स्वतःच्या प्रदेशापुरती मर्यादित केली व राजाचे नाणे सर्वत्र चालेल असे ठरविले. कोकणच्या किनाऱ्यावर अशा आज्ञेचे प्रयोजनच उद्‌भवले नाही. कारण तेथे सामंतांची नाणी एकमेकांपासून वेगळी अशी नव्हतीच.

सार्वभौमत्वाची कल्पना : नाणे म्हणजे राजाची द्वाही, ही कल्पना आज स्वाभाविक वाटते. तिचा महाराष्ट्रातील प्रसार मुख्यतः सुलतानी अमलात झाला. इस्लामी राजनीतीत शुक्रवारच्या नमाजातील खुत्बा व नाण्यावरील सिक्का, या दोहोंत नाव येणे हे राज्याधिकाराचे लक्षण मानले जाई. शिवाजी महाराजांनी काढलेल्या होन व शिवराई या नाण्यांमागील राजकीय आशय या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होतो. तथापि जुनी रूढी समूळ नाहीशी झाली नाही. अठराव्या शतकात पेशवाईतील अनेक टांकसाळी खाजगी व्यक्तींना मक्त्याने दिलेल्या असत आणि त्यांतून निघणाऱ्या रुपयांवर दिल्लीच्या मोगल बादशाहाचे नाव असे. सत्ता पुण्याची असली, तरी पेठेत मान्यता होती ती बादशाही रुपयाला. त्या रुपयावरून पेशवे मोगलांचे अंकित होते असे अनुमान काढणे जितके चुकीचे, तितकेच गधैया नाण्यावर नाव नाही म्हणून सामंत दुर्बल होता असे म्हणणेही चुकीचे ठरेल.

मतभेद : या नाण्यांच्या अर्थाविषयी इतिहासकारांत मोठा वाद झाला आहे. रामशरण शर्मा यांनी आपल्या इंडियन फ्यूडॅलिझम (१९६५) या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, गुप्तोत्तर काळात नाण्यांचा तुटवडा पडला, व्यापार व नगरे यांना उतरती कळा लागली, अधिकाऱ्यांना वेतनाऐवजी जमिनी द्याव्या लागल्या आणि त्यातून सरंजामशाही उदयास आली. जॉन डायेल यांनी लिव्हिंग विदाउट सिल्व्हर (१९९०) या ग्रंथात उत्तर भारतातील नाण्यांची मोजदाद करून याला उत्तर दिले. नाण्यांचे प्रकार कमी झाले, नावे नाहीशी झाली व चांदीचा कस उतरला. पण प्रचारातील नाण्यांची संख्या कमी झाली नाही, असे त्यांचे मत आहे. संग्राहकांनी व वस्तुसंग्रहालयांनी सुंदर, नामांकित नाण्यांना अग्रक्रम दिल्यामुळे अनामिक नाणी दुर्लक्षित राहिली व तुटवड्याचा समज बळावला. उत्तर कोकणचा पुरावा पाहता, भूमिदाने व नगदी व्यवहार येथे एकमेकांशेजारी नांदत होते असे दिसते. चिंचणीच्या एकाच मठाला गावाचे उत्पन्न मिळत होते आणि तोच मठ देवालयाला रोख द्रम्म देत होता. तेव्हा जमीन दान दिली म्हणजे पैसा नव्हता, हा नियम या किनाऱ्याला सरसकट लागू करता येत नाही. मात्र हा व्यवहार बंदरे व देवस्थाने यांच्यापलीकडे, डहाणू-जव्हारच्या डोंगराळ मुलखापर्यंत कितपत पोहोचला होता, हे ताम्रपटांवरून ठरत नाही. तो निर्णय नाण्यांच्या प्राप्तिस्थानांवरूनच होऊ शकेल.

अभ्यासपद्धती : नाव व सन नसलेल्या नाण्यांचा कालनिर्णय तीन गोष्टींवर अवलंबून असतो : मुख व अग्निवेदी यांच्या विरत गेलेल्या रूपांचा अनुक्रम, वजन व धातूचा कस, आणि प्राप्तिस्थान व त्यासोबत सापडलेल्या वस्तू. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी नाण्यातच असतात. त्यामुळे ती केव्हाही तपासता येतात. तिसरी मात्र नाणे जमिनीतून निघाले, त्याच क्षणी नोंदवावी लागते. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. व्यवहारात अनेक ठेवे परस्पर वाटले जातात, चांदीच्या भावाने विकले जातात किंवा मुशीत जातात. नामांकित नाणे बाजारातून फिरून आले, तरी त्याच्यावरील अक्षरे त्याची ओळख सांगतात. अनामिक गधैया नाण्याची गोष्ट वेगळी आहे. ते कोणत्या गावी, कोणत्या भांड्यात व किती नाण्यांबरोबर मिळाले, ही माहिती हरवली की, ते संयानच्या सामंताच्या अमलातील, ठाण्याच्या शिलाहारांच्या राज्यातील की गुजरातच्या पेठेतील, हे सांगण्याचा मार्ग उरत नाही. चिंचणीचे ताम्रपट एकत्र मिळाले व वाचले गेले, म्हणून मधुमती व चामुंडराज यांची नावे इतिहासात आली. त्यांच्या अमलात तारापूरच्या किनाऱ्यावर जी चांदी हातोहात फिरली, तिचा इतिहास जमिनीतून निघणाऱ्या प्रत्येक लहानशा ठेव्याच्या नोंदीवर अवलंबून आहे.